कॉर्डरॉयची लव कुठून येते?

आजच्या एपिसोडचा हा लेखी भाग. ज्यांना लोकलमध्ये हेडफोन सापडत नाहीत किंवा ऑफिसात आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी आपण तो नेहमीच टाकतो. मधले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

थंडी पडायला लागली की इन्स्टावर एक रील हमखास फिरतं. तपकिरी कॉर्डरॉयची पँट, मागे पियानो, आणि आवाज सांगतो की 'कॉर्डरॉय' हा फ्रेंच शब्द आहे, 'कोर्द द्यु र्वा', म्हणजे राजाची दोरी. फ्रान्सच्या राजाचे नोकर हे कापड घालायचे म्हणून हे नाव पडलं म्हणे. ऐकायला छान वाटतं. पण फ्रेंच भाषेत या कापडाला असं नाव कधी नव्हतंच. फ्रेंच लोक त्याला 'वेलूर कोतले' म्हणतात, म्हणजे रेघांची मखमल. उलट १८०७ सालच्या, सांस नावाच्या फ्रेंच गावातल्या मालाच्या एका यादीत 'किंग्ज-कॉर्ड्स' असा शब्द सापडतो. म्हणजे फ्रेंचांनी इंग्रजांकडून नाव उसनं घेतलं होतं. राजाचं नाव लावलं ते बहुतेक इंग्रज व्यापाऱ्यांनीच, माल खपावा म्हणून. आजचे ब्रँडिंगवाले त्यांचेच वंशज!

या कापडात राजा कुठेच नाही. पण दुसरं कुणीतरी आहे, आणि आजचा एपिसोड त्यांच्याबद्दल आहे. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी हे कापड विणतात कसं ते समजून घ्यावं लागेल. दहा मिनिटं धीर धरा. मी इचलकरंजीचा आहे, त्यामुळे मागाचा विषय निघाला की माझं जरा लांबतं. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड थांबली की लोकांना झोप येईनाशी व्हायची. मी स्वतः कॉम्प्युटरचा बीटेक, मागावर कधी उभा राहिलो नाही. पण ताणा, बाणा, धोटा, कांडी हे शब्द एबीसीडीच्या आधी कानावर पडलेले.

तर कुठलंही विणलेलं कापड म्हणजे उभे धागे आणि आडवे धागे. उभे म्हणजे ताणा, ते मागावर ताणून बसवलेले असतात. आडवा तो बाणा, तो धोट्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. साध्या विणीत बाणा एका उभ्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून असा जातो. आमच्याकडे एका इंचात आडवे धागे किती, त्याला 'पीक' म्हणतात. ५२ पिकाचं कापड म्हणजे इंचात ५२ आडवे धागे. इचलकरंजीत कामगाराची मजुरीसुद्धा या पिकावर ठरते, इतका तो रोजचा शब्द आहे.

आता मखमल घ्या. मखमलीचं वैशिष्ट्य काय, तर तिच्यावर लव असते. मांजराच्या अंगासारखी उभी. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर रंग गडद दिसतो. ही लव आणायचे दोन रस्ते आहेत, आणि हा फरक नीट कळला की पुढची सगळी गोष्ट कळते.

पहिला रस्ता खऱ्या मखमलीचा. जेनोआ, लुक्का, व्हेनिस या इटालियन शहरांत रेशमी मखमल विणायचे ती या पद्धतीने. त्यात उभे धागे दोन प्रकारचे. एक संच कापडाची जमीन विणतो, दुसरा संच फक्त लवेसाठी. विणताना मध्ये मध्ये धातूची बारीक सळई घालतात, लवेचे उभे धागे तिच्यावरून वळसा घेतात आणि वळशाचे फास तयार होतात. सळई काढताना फास कापले जातात आणि धाग्यांची टोकं उभी राहतात. म्हणजे लव मागावरच तयार होते. हे काम संथ, रेशीम महाग, आणि गिऱ्हाईक म्हणजे चर्च आणि दरबार.

दुसरा रस्ता सुती आहे. यात लव येते ती आडव्या धाग्यातून. व्हेल्व्हेटीन आणि कॉर्डरॉय दोन्ही या घराण्यातली. यातला एक आडवा धागा साध्या विणीसारखा जातो आणि कापडाची जमीन घट्ट करतो. मग दोन, तीन, चार किंवा त्याहून जास्त आडवे धागे असे जातात की ते एखाद्याच उभ्या धाग्यात अडकतात आणि पुढे बऱ्याच धाग्यांवरून मोकळे तरंगत जातात, पुन्हा अडकतात, पुन्हा तरंगतात. छोट्या छोट्या पुलांसारखे. मग परत एक जमिनीचा धागा, परत पूल. हे सगळे धागे इतके दाबून ठोकतात की व्हेल्व्हेटीनमध्ये एका इंचात दोनशे-तीनशे आडवे धागे सहज बसतात, भारी मालात त्याहूनही जास्त. आमच्या ५२ पिकाशी तुलना करा.

आणि आता गंमत. हे कापड मागावरून उतरतं तेव्हा त्याला लव नसतेच! हाताला ते सपाट, जाड, जरासं चकचकीत लागतं. मखमल म्हणून कुणी ओळखणारही नाही. ते सगळे पूल अजून शाबूत असतात. विणणाऱ्याचं काम संपलेलं असतं, पण कापड अर्धंच झालेलं असतं. पूल कापले की मग लव येते.

कॉर्डरॉय आणि व्हेल्व्हेटीन यांच्यात फरक फक्त पूल कुठे बांधले याचा आहे. कॉर्डरॉयमध्ये पुलांचे खांब एकाखाली एक, सरळ उभ्या ओळीत असतात. पूल मधोमध कापला की दोन्ही अर्धी टोकं आपापल्या खांबाकडे उभी राहतात. म्हणून खांबाच्या ओळीवर लवेचा उंचवटा, आणि सुरी फिरली तिथे चर. तुमच्या पँटवर जी खाच दिसते ना, ती सुरीची वाट आहे. विणतानाच काही पूल लांब, काही आखूड ठेवलेले असतात, त्यामुळे उंचवट्याच्या मधली लव आणि कडेची लव सारखी येत नाही आणि त्याला गोलाई मिळते. व्हेल्व्हेटीनमध्ये खांब प्रत्येक ओळीत सरकवलेले असतात, म्हणून लव सगळीकडे सारखी पसरते आणि खाच दिसत नाही. पण त्यासाठी सुरी कितीतरी जास्त वाटांनी फिरवावी लागते.

अजून एक बारकावा, कारण तो खिशाला लागू आहे. कापलेला धाग्याचा तुकडा जर एकाच उभ्या धाग्याखालून गेलेला असेल, तर त्याचा आकार इंग्रजी 'व्ही'सारखा होतो. तो सहज निसटतो. तीन उभ्या धाग्यांतून खालून-वरून-खालून गेलेला असेल तर आकार 'डब्ल्यू'सारखा, आणि तो घट्ट बसतो. स्वस्तातल्या कॉर्डरॉयच्या पँटला गुडघ्यावर टक्कल पडतं त्याचं एक मोठं कारण हे. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

तर कापड कापणार कोण? इथून आपण इंग्लंडला जाऊ.

या सुती कापडांच्या सगळ्या घराण्याला इंग्रजीत 'फस्टिअन' म्हणायचे. हा शब्द जुन्या कैरोतल्या फुस्तात या वस्तीवरून आला असं पुष्कळ जण मानतात. मध्ययुगात फस्टिअन इटलीत आणि दक्षिण जर्मनीत विणायचे. ताणा तागाचा, म्हणजे लिननचा, आणि बाणा कापसाचा. युरोपातल्या सावकारांचं सर्वात गाजलेलं घराणं, फुगर, त्याचा मूळ पुरुष चौदाव्या शतकात ऑग्सबुर्गला आला तो विणकर म्हणून, आणि फस्टिअन हाच त्या शहराचा मोठा धंदा होता. १६०० च्या आसपास हा उद्योग इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये, म्हणजे मँचेस्टर, बोल्टन या भागात रुजला.

ताणा तागाचाच का? कारण तेव्हा इंग्लंडमध्ये हाताने कातलेलं कापसाचं सूत मागावरचा ताण सोसायचं नाही, तुटायचं. भारतात मात्र निव्वळ कापसाचं बारीक कापड शतकानुशतकं निघत होतं. सतराव्या शतकात ते रंगीत, छापील भारतीय कापड लंडनच्या बायकांनी इतकं उचलून धरलं की तिकडच्या लोकर आणि रेशीमवाल्यांनी संसदेत धाव घेतली. १७०० च्या कायद्याने छापील भारतीय सुती कापड देशात विकायला बंदी आली. १७२१ च्या कायद्याने ते अंगावर घालायलाच बंदी घातली. फस्टिअन त्यातून सुटलं, कारण त्यात ताग होता. १७३६ मध्ये 'मँचेस्टर ॲक्ट' करून ही पळवाट अधिकृत केली गेली, तागाच्या ताण्यावर कापसाचा बाणा असेल तर छापा आणि विका. भारतीय विणकरांना दार बंद, आणि त्याच दाराच्या फटीतून मँचेस्टर मोठं झालं. मला वाटतं शाळेत आपल्याला यंत्रांची यादी पाठ करायला लावतात, पण हे कायदे कुणी नीट सांगत नाही.

पुढे रिचर्ड आर्कराइटच्या पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्रातून ताण्याला पुरेसं मजबूत कापसाचं सूत निघू लागलं. मग १७७४ मध्ये इंग्लंडात बनलेल्या निव्वळ सुती कापडाला परवानगी मिळाली. एका अटीवर. कापडाच्या किनारीत तीन निळे धागे हवेत, म्हणजे हा माल देशी आहे, भारतातून आलेला नाही हे ओळखू यावं. तीन निळे धागे म्हणजे त्या काळचा क्यूआर कोडच म्हणा की.

याच दशकांत मँचेस्टरच्या आसपास फस्टिअनचे प्रकार धडाधड निघाले. थिकसेट, व्हेल्व्हरेट, व्हेल्व्हेटीन, मोलस्किन, कॉर्डरॉय. श्रीमंतांची रेशमी मखमल बघून सुताने काढलेल्या या नकला. १७८४ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट धाकटा याने फस्टिअनवर कर बसवला तेव्हा मँचेस्टर पेटलं. थॉमस वॉकर नावाच्या व्यापाऱ्याने मोहीम उभी केली आणि १७८५ मध्ये कर मागे घ्यावा लागला. एका कापडासाठी सरकार वाकलं, इतकं वजन त्या धंद्याला आलं होतं. जर्मन आणि स्वीडिश भाषांत तर कॉर्डरॉयचं नावच 'मँचेस्टर' पडलं. जर्मनीत गावोगाव फिरून काम शिकणारे सुतार आजही काळ्या कॉर्डरॉयच्या रुंद पायांच्या पँट घालतात.

आता सुरीकडे येऊ.

फस्टिअन कापायची सुरी आपल्या डोळ्यासमोर येते तशी नसते. लांब, बारीक पोलादी सळई, एका टोकाला पकडायला मूठ, दुसरं टोक घासून पात्यासारखं धारदार केलेलं. त्या पात्यावर पातळ पत्र्याचं टोकदार म्यान. हे म्यान पुलांच्या खाली शिरतं, पुलांना जरा वर उचलतं आणि पात्याच्या धारेवर आणून देतं. पुलांखालचा जो बोगदा तयार होतो त्यातून ते सरळ पुढे ढकलत न्यायचं. आधी कापडावर चुन्याचा लेप देऊन ते वाळवायचे, मागून खळ लावायचे, म्हणजे पूल ताठ उभे राहतात आणि सुरीसमोर दबत नाहीत. मग कापड लांब टेबलावर ताणून बसवायचं. आणि कापणारी व्यक्ती सुरी घेऊन टेबलाच्या कडेने चालत जाणार. एक बोगदा संपला की परत सुरुवातीला, पुढचा बोगदा. पूर्ण रुंदी झाली की कापड पुढे गुंडाळायचं, नवा भाग टेबलावर आणायचा.

चला, हिशोब करू. मी इंजिनिअर आहे, मला आकडा दिसल्याशिवाय बरं वाटत नाही. समजा व्हेल्व्हेटीन २४ इंच रुंद आहे आणि एका इंचात बोगदे तीस. झाले ७२०. टेबल १० यार्डांचं धरा. म्हणजे एका टेबलभर कापडासाठी ७,२०० यार्ड, साडेसहा किलोमीटर. कापड १०० यार्ड लांब असेल तर ७२,००० यार्ड, जवळजवळ ६६ किलोमीटर. हे फक्त सुरी पुढे जातानाचं चालणं. मुंबईहून निघालात तर कर्जतपर्यंत निम्म्याहून जास्त अंतर झालं, आणि हातात सतत एक धारदार सळई, एकाच रेषेत, एकाच दाबाने.

दाब जरा वाढला आणि टोक खाली गेलं, की पाते जमिनीच्या धाग्यांत घुसतं. भोक. कापडाला भोक पडलं की ते परत विणता येत नाही. आमच्या कामात चूक झाली की कंट्रोल-झेड दाबतो, जुनं व्हर्जन परत आणतो. इथे काही आठवड्यांचं कातणं, ताणा भरणं, विणणं सगळं झाल्यानंतर शेवटून दुसऱ्या पायरीला हा जुगार खेळायचा, आणि तोसुद्धा एका टेबलभर कापडावर सातशे वेळा. म्हणून मी म्हणतो की या कापडातलं सगळ्यात अवघड कसब मागावर नव्हतंच, या टेबलाशी होतं.

आणि टेबलाशी कोण होतं? सुरुवातीला पुरुषही होते. एकोणिसाव्या शतकात हळूहळू बायका आणि मुली जास्त, आणि मुलीही लहान. मँचेस्टरच्या आसपासच्या चेशर आणि लँकशायरमधल्या खेड्यांत हे काम पसरलेलं होतं. चेशरमधल्या लिम गावात अजूनही कापणाऱ्यांची तीन मजली घरं उभी आहेत. खाली कुटुंब राहायचं, आणि सगळ्यात वर टेबल मावेल अशी सलग लांब खोली, शेजारच्या घरांवरूनही गेलेली. घरावर घर बांधलं तरी कारखाना डोक्यावरच. तिथे चुन्याची धूळ, सुताची बारीक लव हवेत. आणि दिवसभर एकाच खांद्यावर भार देऊन, वाकून चालणं.

इंग्लंडमध्ये कारखान्यांचे कायदे १८३३ पासून कडक होऊ लागले होते. पण ते वाफेवर, पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांसाठी होते. हाताने सुरी चालवायची तर गिरणी नाही, मग तपासनीस येणार कशाला? जवळजवळ तीस वर्षं ही पोरं कायद्याच्या बाहेर राहिली. १८६० च्या दशकात बालकामगार आयोगाने अशा सुटलेल्या धंद्यांची चौकशी केली, आणि १८६४ च्या कायद्यात काड्यापेट्या, काडतुसं, मातीची भांडी अशा धंद्यांच्या यादीत 'फस्टिअन कापणं' हे नाव चढलं. काड्यापेट्या म्हणजे फॉस्फरसने कामगारांचा जबडा कुजायचा तो धंदा. त्याच्या शेजारी तुमच्या मऊ पँटचं नाव. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप जरा बाजूला ठेवला होता.

त्याच वर्षांत या गोष्टीचा आपल्याशीही एक धागा जुळतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकशायरचा कापूस अडला. मग ओढ लागली ती भारतीय कापसाची. खानदेश, वऱ्हाडातला कापूस मुंबईहून बोटींत चढू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर तो धाडकन ओसरलाही. लँकशायरमध्ये या सगळ्या कापसाला 'सूरत' म्हणायचे. त्याचा तंतू आखूड, मागावर सारखा तुटायचा, मजुरी बुडायची. कामगार इतके वैतागले की 'सूरत' हा शब्द कुठल्याही भिकार मालाला वापरू लागले. एका बिअरवाल्याने आपल्याला 'सूरत' म्हटलं म्हणून अब्रुनुकसानीचा दावा लावला होता! आपल्या शेतकऱ्याचा कापूस तिकडे शिवी झाला. यात कापसाचा काय दोष? लांब अमेरिकन तंतूसाठी बसवलेल्या यंत्रावर आखूड तंतू घातला तर तो तुटणारच.

बरं, राजाच्या नावाचं हे कापड अंगावर घालत कोण होतं? कामगार. फस्टिअन जाड, टिकाऊ, धुतलं तरी चालणारं, आणि लोकरीच्या चांगल्या कापडापेक्षा स्वस्त. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये माणसाच्या कोटावरून त्याचा वर्ग कळायचा. फ्रेडरिक एंगल्स तेव्हा मँचेस्टरमध्ये होता, त्याच्या बापाची तिथल्या सूतगिरणीत भागीदारी होती. १८४५ च्या त्याच्या पुस्तकात त्याने नोंदवलंय की 'फस्टिअन जॅकेट' हे कामगारांचं नावच पडलंय, आणि ते स्वतःलाही तसंच म्हणवतात. जसं आपल्याकडे 'पांढरपेशा' म्हटलं की कपड्यावरून माणूस कळतो, तसंच.

हे नाव राजकारणात आणलं फिअर्गस ओ'कॉनरने. तो चार्टिस्टांचा पुढारी. चार्टिस्ट म्हणजे प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत द्या, मतदान गुप्त ठेवा अशी मागणी करणारी कामगारांची चळवळ, १८३८ पासूनची. ओ'कॉनर मूळचा जमीनदार घराण्यातला आयरिश वकील, पण 'नॉर्दर्न स्टार' या आपल्या पेपरातून तो वाचकांना फस्टिअन जॅकेटवाले म्हणूनच हाक मारायचा. १८४० मध्ये राजद्रोही लिखाणाबद्दल त्याला यॉर्कच्या तुरुंगात टाकलं. १८४१ च्या ऑगस्टमध्ये सुटला तेव्हा बाहेर गर्दी होती, आणि तो आला तो खास त्या दिवसासाठी बनवलेला फस्टिअनचा सूट घालून. भाषण सुरू करायच्या आधीच लोकांना कळलं काय म्हणायचंय ते. आपल्याकडे पुढे खादीने जे केलं, त्याच्या ऐंशी वर्षं आधी.

(आता तुम्ही म्हणाल, जमीनदाराने कामगाराचा कोट घालणं म्हणजे निवडणुकीत पुढाऱ्याने टपरीवर चहा पिणं. असेल थोडं तसं. पण हा माणूस त्याच्या आधी सव्वा वर्षं तुरुंगात होता, हेही धरा.)

कोट घालणाऱ्यांना असं नाव मिळालं. सुरी चालवणाऱ्यांचं काय झालं, तेही ऐका. मँचेस्टरच्या उत्तरेला, यॉर्कशायरच्या डोंगराच्या कुशीत हेब्डन ब्रिज नावाचं गाव आहे. उतार इतका, की तिथे घरावर घर, वरच्याचं दार वरच्या रस्त्याला आणि खालच्याचं खालच्या. फस्टिअन विणणं, कापणं, रंगवणं, शिवणं, सगळं या एका गावात. इतक्या पँटी शिवायचे की त्याला 'ट्राउझर टाउन' म्हणायचे. १८७० मध्ये तिथल्या कापणाऱ्यांनी जोसेफ ग्रीनवूड या आपल्यातल्याच एका फस्टिअन कापणाऱ्याच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढली. तीसेक माणसं, आठवड्याला काही पेन्स वर्गणी. थोड्याच वर्षांत त्यांनी नटक्लफ नावाची गिरणी विकत घेतली. कापणारेच मालक, तेच व्यवस्थापक. ही गिरणी १९१८ पर्यंत कामगारांच्या सहकारी मालकीची म्हणून चालली, नंतर ती एका मोठ्या सहकारी घाऊक संस्थेकडे गेली. आमच्या इचलकरंजीत सहकारी सूतगिरण्यांचं काय काय झालं ते बघत मोठा झालेला माणूस या चाळीस-पंचेचाळीस वर्षांना कमी लेखणार नाही.

सगळं गोड होतं असं नाही. त्याच गावात १९०६ मध्ये फस्टिअन विणकरांनी मजुरीसाठी संप केला, तो १९०८ पर्यंत चालला. मधे १९०७ च्या सुरुवातीला एमलाइन पँकहर्स्ट तिथे आल्या, बायकांना मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीच्या पुढारी. संपातल्या बायकांमधून त्यांना साथी मिळाल्या. लव्हिना सॉल्टनस्टॉल ही तिथल्या फस्टिअन व्यवसायातली मुलगी त्याच वर्षी लंडनला जाऊन अटक करून घेऊन आली. चार्टिस्टांनी फस्टिअन घालून मत मागितलं ते पुरुषांसाठी. सत्तर वर्षांनी तेच कापड करणाऱ्या बायका आपलं मत मागायला गेल्या.

यंत्राने हे काम घेतलं, पण फार रमतगमत. कातणं आणि विणणं यंत्रावर गेल्यानंतरही कापणं कितीतरी वर्षं हातात राहिलं. कॉर्डरॉयचं आधी जमलं, कारण बोगदे मोठे आणि मोजके. फिरत्या गोल पात्यांची रांग, आणि प्रत्येक पात्याला वाट दाखवणारी एक तार बोगद्यात घातलेली. कापड पुढे सरकतं, पाती फिरतात, एकदम कित्येक ओळी कापल्या जातात. आजही तत्त्व तेच आहे. व्हेल्व्हेटीनने मात्र यंत्राला दमवलं. बोगदे इतके बारीक आणि इतके जवळ, की यंत्रात कापडाची दोन टोकं शिवून त्याचं कडं करायचे, आणि ते कडं एका सुरीसमोर गोल गोल फिरवायचे. एका फेरीत एक बोगदा. सुरी जागेवर आणि चालायचं काम कापडाचं. तो लूप म्हणजे टेबलाशी चालणाऱ्या बाईचा कोड जसाच्या तसा यंत्रात टाकलेला, फक्त कोण हलतं ते बदललं.

कापून झालं की कापड धुवायचं, चुना काढायचा, ब्रशने लव उभी करायची, तापलेल्या पत्र्यावरून झर्रकन ओढून वर आलेले तंतू जाळायचे, रंगवायचं. ते दुकानात जाईपर्यंत सुरीची खूण फक्त त्या चरांमध्ये उरते. इंचात किती उंचवटे, त्यावर कॉर्डरॉयचा प्रकार ठरतो. जाड्या पँटला चार-पाच, लहान मुलांच्या मऊ कापडाला वीसेक. ऑनलाइन घेताना 'वेल' असा शब्द दिसेल, तो हाच. आकडा जितका मोठा, तितकी रेघ बारीक.

हेब्डन ब्रिजच्या मधल्या चौकात आज एक सूर्यघड्याळ आहे. तिथे जे काय उभं आहे ते बघून पर्यटक भाला समजतात, कुणी पेन समजतात. ती फस्टिअन कापायची सुरी आहे, माणसापेक्षा उंच केलेली, आणि तिची सावली वेळ दाखवते.

पुढच्या एपिसोडला तुमच्यापैकी खूप जणांनी विचारलेला डेनिमचा विषय घेऊ. तोही फस्टिअनचा चुलत भाऊच आहे. तोवर घरात जुनी कॉर्डरॉय असेल तर गुडघा उजेडात धरून बघा, 'व्ही' आहे की 'डब्ल्यू'. फोटो पाठवा. भेटू!